दारातली तिसरी बाई

रत्नागिरीच्या घराचा माळा उपसताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत फोटो. गेली काही वर्षं मी त्यांच्याच नादी लागलो आहे.

१. एका खुणेवर निकाल देऊ नये. पडवीतल्या एका फोटोत आजोबांचं जानवं उजव्या खांद्यावर दिसतं. अपसव्य, म्हणजे श्राद्धाचा दिवस, असं मी ठरवून टाकलं आणि चार नातेवाइकांना सांगितलंही. मग एका जुन्या फोटोग्राफरने भिंगातून आजीची नथ दाखवली. तीही उजव्या नाकपुडीत! श्राद्धाला जानवं खांदा बदलतं, नथ नाकपुडी बदलत नाही. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला फोटो होता तो.

२. माणसं बोलत नसली तर वास्तूला विचारावं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आला, पण थिबा राजवाडा उभा राहिला १९१०च्या सुमारास आणि राजा १९१६ मध्ये वारला. म्हणजे या वास्तूत तो दिसत असेल, तर फोटो त्या पाच-सहा वर्षांतलाच. कुणी खाली ‘१८९०’ लिहिलं असलं तरीही.

३. मंडालेचा एक प्रसिद्ध फोटो आहे : थिबा, राणी सुपयालत आणि तिची धाकटी बहीण सुपयाले. सगळे राजाराणीबद्दल विचारतात. ही बहीणही थिबाची राणीच होती. हद्दपारीत तीही आली आणि १९१२ मध्ये रत्नागिरीतच वारली. सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, हिला ते लाभलं नाही. तो फोटो पाहिला की माझी नजर आता आधी हिच्याकडे जाते.

४. काळ्या रंगाला काळा समजू नये. जुन्या काचांना तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू काळं उमटे आणि आलवणही काळंच. हे कळल्यावर मी पडवीचा तो फोटो पुन्हा काढला. मागे, दाराच्या चौकटीला धरून, एक बाई अर्धवट उभी आहे. लुगडं गडद, पदर कपाळाखाली ओढलेला. सोवळी विधवा असेल, म्हणून तिला फोटोत बसवलं नसेल. किंवा नुसतीच बुजरी, काळी चंद्रकळा नेसलेली. चौकट मात्र तिने घट्ट धरली आहे. तिला फोटोत यायचं होतं, असं मला मनापासून वाटतं.

५. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो ठेवू नयेत. आमच्या पावसाळ्यात ते सुटत नाहीत, सोलून निघतात.

६. विचारायला लवकर जावं. मी गेलो तेव्हा आत्या पंच्याऐंशीची होती. चष्मा पुसून तिने फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.

“हिच्या हातची सांदणं,” ती म्हणाली, “अजून जिभेवर आहेत रे.”

नाव तिला आठवलं नाही.