आधी टायरवरून हात फिरवा

घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतून चिकूचे क्रेट भरायचे, चारोटीला किंवा तलासरीला राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठायचा आणि वाशीच्या बाजाराकडे निघायचं, हे आमच्या जुन्या पिकअपचं काम. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो माल ज्या चाकांवरून जातो त्यांच्याकडे मात्र आम्ही वाडीवाले पंक्चर झाल्याशिवाय वाकून बघत नाही. पुढे सरळ अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे, पावसाळ्यात चिखल आणि वर्षभर खारा वारा. अशी गाडी टायर खायला लागली की कुठे कुठे बघावं लागतं, ते मला एकेक करून कळत गेलं.

१. टायर उगाच झिजत नाही, आणि झिजण्याचं कारण त्याच्या अंगावरच उमटलेलं असतं. दोन्ही कडा गेल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी. मधलंच गेलं, तर हवा जास्त. एकच कड गेली, तर चाक कललंय किंवा तिरपं चालतंय. जागोजागी खळगे पडले, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलाय नाहीतर बॅलन्सिंग गेलंय. एवढं डोळ्यांना दिसतं. पण तलासरीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी माझा हात धरून टायरवरून आडवा फिरवला, तेव्हा डोळ्यांना न दिसलेलं कळलं. एका दिशेने हात मऊ सरकला, उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं टोचलं. आतून बाहेर हात नेताना टोचलं तर चाकं पुढून आत वळलेली, बाहेरून आत आणताना टोचलं तर पुढून फाकलेली. यंत्र नाही, पैसा नाही, फक्त तळहात.

२. दोन-तीन मिलिमीटरला किती किंमत असते, हे हिशेब मांडल्यावर समजलं. चाकाचा व्यास ७०० मिलिमीटर धरा. दोन्ही पुढच्या चाकांत मिळून ३ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे मागच्या टोकाशी मोजलेलं अंतर पुढच्यापेक्षा तेवढं जास्त किंवा कमी आहे. अशी चाकं सरळ रस्त्यावर प्रत्येकी दर किलोमीटरला सुमारे २ मीटर आडवी घासतात. शंभर किलोमीटरच्या फेरीत दोनशे मीटर! भरल्या गाडीचं वजन घेऊन टायर तेवढा फरफटत जातो. मग नवा टायर एका हंगामात गुळगुळीत झाला तर त्यात नवल काय?

३. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करायची असते. हे मला इतकं महत्त्वाचं वाटतं की भेटेल त्याला सांगतो. स्टिअरिंग ओढलं की आपण थेट मशीनवर गाडी नेतो. आकडे जुळतात, कागद हातात मिळतो आणि पुढच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर सगळं पुन्हा तिथंच. कारण सांधे ढिले असतील तर मशीनवर उभ्या गाडीचे आकडे धावत्या गाडीचे नसतातच. म्हणून आधी पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं. प्ले जाणवला की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर किंग पिन. मग चाकं जमिनीवर टेकवून, इंजिन बंद ठेवून, एकाने स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली आडवं होऊन टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकच्या सांध्यांवर बोटं ठेवायची. कुठल्या सांध्यात हालचाल हरवते ते बोटांना कळतं. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले ‘काढून’ देणारेही असतात. तो जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, आणि खरा ढिला सांधा तसाच राहतो. मिस्त्रींचा क्रम पक्का होता: आधी हवा, मग बेअरिंग, किंग पिन, सांधे, पाट्यांचे बुश, आणि हे सगळं नीट झालं की मगच मशीन.

४. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत मशीनवाल्याच्या हातात फार थोडं असतं. टाय रॉड फिरवून चाकांचं आत-बाहेर वळणं तेवढं जुळवता येतं. चाकाचा कल अ‍ॅक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा किंग पिनचे बुश गेलेत. ‘सगळं सेट केलंय’ असं कुणी म्हणालं की मी आता विचारतो, नेमकं काय सेट केलंत?

५. गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ दर वेळी गाडीत दोष आहे असा नसतो. पाणी निघून जावं म्हणून आपल्याकडे रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे थोडी ओढ साहजिकच. सपाट जागी बघावं. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालावेत. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरमध्ये. तशीच राहिली तर गाडीत, आणि तेव्हा ब्रेक धरून राहत नाही ना, हेही चाकाला हात लावून बघावं. एक चाक जास्त तापलं असेल तर उत्तर मिळालं.

६. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं की मन एकदम मोठ्या खर्चाकडे जातं. पावसाळ्यात वाडीतून बाहेर पडलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो. तो खरवडला आणि थरथर थांबली, असं आमच्याकडे झालेलं आहे.

७. पुढच्या चाकांचं दुखणं मागे असू शकतं, हे मला सगळ्यांत उशिरा उमगलं. मागच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले पडले की अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो. मग गाडी तिरकी चालते आणि ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग वाकडं धरून ती सरळ ठेवतो. साधी टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं की लबाडी उघडी पडते. भरण्याचंही तसंच. क्रेट सगळे मागच्या फळीकडे रचले की पुढचा भार हलका होतो, आणि स्टिअरिंग तरंगतं.

८. किनाऱ्याची गाडी आणि आतल्या भागातली गाडी एकाच वयाची असली तरी एकसारखी म्हातारी होत नाही. खाऱ्या हवेने पाट्यांच्या मध्ये गंज धरतो, शॅकल अडकतात. दाबाच्या पाण्याने गाडी धुतली की चिखलाबरोबर ग्रीसही जातं. म्हणून धुतल्यानंतर ग्रीस भरायचं, तेही चाक उचलून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवत, जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत. किंग पिनचं आयुष्य या दहा मिनिटांवर आहे.

९. ड्रायव्हरचे हात सगळ्यांच्या आधी ओळखतात. ‘दादा, गाडी आज वेगळी वाटते,’ एवढंच तो म्हणतो. नेमकं काय ते त्याला सांगता येत नाही, म्हणून मालक ऐकत नाहीत. मी आता त्याला तीन प्रश्न विचारतो. रिकामी असताना की भरलेली असताना? ब्रेकवर की ब्रेकशिवाय? कुठल्या वेगाला? बहुतेक वेळा अर्धं निदान त्याच्या उत्तरातच असतं.

१०. कड गेलेला टायर मधून चांगला दिसतो, म्हणून ‘अजून महिनाभर चालेल’ असं वाटतं. पण नक्षी मोजायची ती सगळ्यांत झिजलेल्या जागी. खाचांतल्या छोट्या उंचवट्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. एका कडेला जरी ते टायरशी समपातळीत आले, तरी तो टायर संपला. भर पावसात मेंढवण खिंडीच्या वळणावर ब्रेक दाबावा लागतो तेव्हा रस्त्याला धरणारी तीच कड असते. आमच्या गाडीत पुढे रबर चढवलेला टायर घालत नाही. स्टेपनीवरचे तारखेचे चार आकडेही वाचतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडीखाली लटकून खारा वारा खाल्लेली स्टेपनी न वापरताच तडकलेली असते. टायर बदलले की जुने लगेच भंगारात देत नाही. आधी मिस्त्रींच्या दारात ते ओळीने आडवे ठेवतो, प्रत्येकावर खडूने जागा लिहून: पुढचा डावा, पुढचा उजवा. ते बघून झालं की मगच नव्यांच्या पैशांचं बोलणं.