तिथी, पाऊणपट आणि देवबागचा संगम

सहलीची नोटीस बोर्डावर लागली की हॉस्टेलमध्ये दोनच प्रश्न फिरतात : वर्गणी किती, आणि स्कूबा आहे का? त्या दिवशी समुद्राला भरती किती वाजता, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तारकर्लीला निघताना आम्हीही विचारला नव्हता.

जेट स्की झाली, बनाना राईडवरून सगळे दोनदा पाण्यात पडून झाले. संध्याकाळचे पाच वाजले होते. देवबागच्या टोकाशी, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या बेटावर उतरायचं आणि सूर्यास्त होईपर्यंत डुंबायचं असा बेत होता. होडीवाल्याने सरळ नकार दिला. "आता ओढ आसा. सकाळी येवा." आम्ही पैसे वाढवून पाहिले, हुज्जत घातली. पाणी तर आरशासारखं दिसत होतं! तो इंजिन बंद करून बसून राहिला. आम्ही चिडून मुक्कामी परतलो. तिथे घरमालक काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "आज तृतीया. तीनाची पाऊणपट किती?"

सव्वादोन. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा तीच, रात्रीही साधारण तीच. त्यापुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. यामागचं गणित सोपं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. हिशेबात ५० च्या जागी ४५ धरली आहेत, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत यापेक्षा मोठी एरर आपण बिनधास्त लिहितो! नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात.

पण भरतीची वेळ कळली म्हणजे काम झालं असं नाही. पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. दर्यावर्दी लोक एकूण उताराचे बारा भाग करतात. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. (साइन कर्व्ह आहे, दुसरं काही नाही.) म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. तृतीयेला सव्वादोनला भरती, तर हे दोन तास सव्वाचार ते सव्वासहा. नेमकी आमची डुंबायची वेळ.

आता तारकर्ली-देवबागचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीतून येणारी कर्ली किनाऱ्याजवळ येऊनही सरळ समुद्रात शिरत नाही. ती दक्षिणेकडे वळून किनाऱ्याला समांतर वाहते. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये वाळूची लांबट चिंचोळी पट्टी आहे, तेच देवबाग. लाटा किनाऱ्यावर तिरक्या आपटतात, वाळू किनाऱ्याकडेने पुढे पुढे सरकवतात, आणि नदीच्या मुखाशी असा दांडा तयार होतो. एका बाजूला उसळणारा समुद्र, दुसऱ्या बाजूला माडांच्या सावलीतलं संथ पाणी, आणि दोन्हींत काही मिनिटांची चाल. फोटोत दिसतं त्याहून देखणं आहे.

मात्र हे संथ पाणी भरतीला वर चढून आत साठतं आणि ओहोटीला ते सगळं एकाच तोंडातून बाहेर पडतं, समोरच्या भोगव्याच्या किनाऱ्याशेजारून. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच प्रकरणात शिकतो ते इथे लागू आहे : काटछेद कमी झाला की वेग वाढतो. शिवाय नदीचं स्वतःचं पाणीही त्याच दिशेने असतं. आत खाडी संथ दिसते म्हणून तोंडाशी ओढ कमी असेल असं मानणं ही आमची चूक होती. लाटा नाहीत म्हणजे प्रवाह नाही, असं होत नाही.

उघड्या समुद्राकडेही अशीच ओढ असते, फक्त कारण वेगळं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी वाळूतल्या एखाद्या खोलगट जागेतून परत जातं. तिथे लाट कमी फुटते, त्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. अंग सैल सोडून तरंगा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ संपली की मग वळा. हे हॉस्टेलच्या खोलीत सोपं वाटतं. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. आपल्यासारखेच, बसमधून गाणी म्हणत आलेले.

स्कूबाबद्दल थोडक्यात. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. पाच मीटरवर दीडपट दाबाची हवा तुम्ही छातीत भरता. श्वास रोखून वर आलात तर तीच हवा दीडपट फुगू पाहते, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. म्हणून श्वास चालू ठेवायचा, आणि कान दुखला की खूण करायची. सर्दी असेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नका.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. चोक तीन, तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. साडेआठला आम्ही धक्क्यावर हजर. होडीवाला कालचाच, कालची हुज्जत विसरलेला. बेट उघडं पडलं होतं, भोवती घोटाभर पाणी, ओल्या वाळूवर खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी. याला त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं तिथले लोक सांगतात. तासभर मनसोक्त डुंबलो. दहाच्या आधीच त्याने हाक मारली. कोणीतरी "अजून पाच मिनिटं" म्हणालं, तेव्हा त्याने बोटानेच दाखवलं. मघाशी आम्ही चपला ठेवल्या होत्या, त्या वाळूवर पाणी आलं होतं आणि एक चप्पल खाडीत आतल्या बाजूला निघाली होती.