हिणवलेल्या मुलास मैदानावर परत आणताना

जुन्नर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतून तुझ्या आश्रमशाळेत आलेला मुलगा, बोलण्याच्या हेलावरून आणि किडकिडीत अंगावरून सोबत्यांनी सतत हिणवल्यामुळे, कबड्डीच्या मैदानाकडे फिरकेनासा झाला आहे, आणि त्यास परत कसे आणावे, असे तू विचारतोस.

प्रथम चौकशी करावी ती आपल्याच जिभेची. क्रीडाशिक्षकाने थट्टेच्या भरात एखाद्या मुलास टोपणनाव दिले, की शिक्षकापुरते ते क्षणात विरून जाते. परंतु मुलांना मात्र त्यातून छळाचा परवाना मिळतो, आणि मग कितीही ताकीद दिली तरी तो परवाना सहसा रद्द होत नाही. सर्वांसमक्ष त्या मुलाची कैफियत ऐकू नकोस. अशाने त्याची अधिकच शोभा होते. त्याला एकांतात बोलाव, मध्ये न तोडता ऐकून घे. चिडवणाऱ्यांना वेगवेगळे गाठून स्पष्ट समज दे, आणि घडला प्रकार मुख्याध्यापकांच्या कानी लेखी घाल. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने बालकाचा मानसिक छळ निषिद्ध ठरविला आहे, याचे शिक्षकास विस्मरण होता कामा नये. मुलाची भूक-झोप उडाली असेल, तर त्यास सावरण्याचे काम एकट्याने अंगावर न घेता जाणत्या समुपदेशकाची मदत घे. १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांकही आहे.

यानंतरचे कार्य मात्र सर्वस्वी तुझे. कीव करून त्यास संघात घेऊ नकोस, कारण कीव ही मुलांना उपहासाइतकीच चटकन ओळखू येते. त्याला डाव्या कोपऱ्याचे काम शिकव: चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता पावलाकडे पाहावे, बोनस रेषेकडे पाय लांबला की खाली झेपावून घोटा धरावा, आणि साथीदार येईपर्यंत सोडू नये. येथे किडकिडीत अंगाची चपळाई कामी येते. आरंभी एका सुस्वभावी गड्याबरोबर, मग तिघांबरोबर, आणि मगच सबंध संघाबरोबर त्याचा सराव घे. शाबासकी देताना ‘छान’ एवढ्यावर न भागवता, ‘पाऊल वेळेवर हेरलेस’ असे नेमके सांग, आणि चुकल्यास तितक्याच नेमकेपणाने चूक दाखव.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात शिकत असता, त्यांची शिडशिडीत देहयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांस वार्षिक स्पर्धेत उतरू दिले नाही, म्हणून त्यांनी प्राचार्यांकडे दाद मागितली आणि परवानगी मिळवली, असे सांगतात. पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांना ऑलिंपिकला पाठवण्यासाठी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि १९५२ साली हेलसिंकीस खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले. अंगावरून माणूस मोडीत काढणारा शिक्षक आणि त्याच्यावर भरवसा टाकणारा शिक्षक, दोघेही एकाच आवारात असू शकतात. आपण कोणत्या बाजूस उभे राहायचे, हे प्रत्येकाने ठरवायचे असते.

तुझा विद्यार्थी तालुक्याच्या संघात निवडला जाईल की नाही, हे त्याच्या खेळावर सोड. तो निर्भयपणे मैदानावर यावा, एवढे मात्र तुझ्या अखत्यारीत आहे, आणि त्याबद्दल उद्या कोणी जाब विचारला, तर तो रास्तच ठरेल.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका