उतरणे आणि चढणे : वाहतुकीच्या जोडस्थानकांचे नियोजन

सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला की चर्चा बहुधा वाहनांची होते. बसगाड्या किती आहेत, रस्ते किती रुंद करावेत, पूल कोठे बांधावा, असे प्रश्न पुढे येतात. ते महत्त्वाचेच आहेत. परंतु उतारूच्या दृष्टीने प्रवासाचा सर्वांत त्रासाचा भाग वाहनात घडत नाही. एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंत जे चालावे लागते, जे थांबावे लागते आणि त्या वेळात मनाला जी धास्ती असते, त्यावरच तो त्या प्रवासाची परीक्षा करतो. जेथे ही अदलाबदल होते त्या जागेस या लेखात जोडस्थानक म्हटले आहे. मग ते रेल्वेचे स्थानक असो, बसस्थानक असो किंवा फेरीबोटीचा धक्का असो.

गोमंतकाला अशा जोडस्थानकांची सवय फार जुनी आहे. नद्यांनीच ती लावली. मांडवीवरील नेहरू पूल 1970 साली झाला. तोपर्यंत बारदेशातून पणजीस यावयाचे म्हणजे बेतीला उतरावयाचे, फेरीबोटीने नदी ओलांडावयाची आणि पलीकडे पुढची सोय पाहावयाची, असा क्रम होता. झुआरीवर 1983 साली पूल होईपर्यंत पणजी-मडगाव मार्गावरही आगशी आणि कुठ्ठाळी या दोन काठांवर हेच घडत असे. वेळ जास्त लागे हे खरे. परंतु त्या जुन्या व्यवस्थेत नियोजनकाराने अभ्यासावे असे काही गुण होते. रस्ता जेथे संपतो तेथेच धक्का आणि धक्क्याच्या तोंडाशीच बस. चालण्याचे अंतर नगण्य. शिवाय नदीच्या पात्रातून येणारी बोट बसच्या चालकाला आणि उतारूला, दोघांनाही दिसते. रायबंदर-चोडण मार्गावर आजही हा अनुभव घेता येतो. पुढचे वाहन डोळ्यांसमोर असले की थांबणे जाचत नाही, हा नियम कोणत्याही आधुनिक स्थानकाला लागू आहे.

5 जुलै 1986 रोजी नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेती फेरीबोटींवर एकाएकी मोठा भार पडला. पूल होताच धक्क्यांची उपेक्षा करण्याची जी प्रवृत्ती असते, तिला हा धडा होता. 1992 साली नवा पूल वाहतुकीस खुला झाला, पुढे आणखी पूल झाले, 2019 साली अटल सेतूही झाला. तरी धक्के मोडीत निघालेले नाहीत. आज पणजीत पाटो येथील कदंब बसस्थानक आणि बेतीस जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का एकाच नदीच्या काठावर आहेत, पण त्यांत एक किलोमीटरहून अधिक अंतर आहे. सामान नसलेला तरुण ते पंधरा-वीस मिनिटांत चालून जाईल. श्रावणसरीत, हातात पिशव्या आणि कडेवर मूल घेतलेल्या स्त्रीला मात्र ते अंतर दुप्पट वाटते.

रेल्वेच्या बाबतीत आपला प्रश्न अधिक कठीण आहे. मुरगाव बंदरापासून घाटावर कॅसलरॉकपर्यंत जाणारा लोहमार्ग 1888 साली पूर्ण झाला. तो बंदराच्या व्यापारासाठी आखलेला होता. पणजी शहर त्या मार्गावर नव्हते. कोकण रेल्वेवरून 1998 साली सलग वाहतूक सुरू झाली, तेव्हाही डोंगर, खाड्या आणि चढउतार यांचा विचार करून मार्ग आखावा लागला. परिणामी पणजीसाठी करमळी आणि म्हापशासाठी थिवी ही स्थानके उपयोगी पडतात, परंतु दोन्ही त्या त्या शहरापासून दहा किलोमीटरहून अधिक दूर आहेत. वास्कोत रेल्वे स्थानक शहराच्या मध्यावर आहे, म्हणून तेथे हा प्रश्न सौम्य आहे.

मडगावचे उदाहरण विशेष अभ्यासनीय आहे. कोकण रेल्वे आणि जुना मुरगाव मार्ग तेथे एकत्र येतात, म्हणजे रेल्वेपुरते ते उत्तम जोडस्थानक आहे. परंतु कदंबचे मुख्य बसस्थानक शहराच्या उत्तरेस फातोर्ड्याच्या बाजूस आणि रेल्वे स्थानक दुसऱ्या अंगाला आहे. मधे बाजार, नगरपालिका आणि शहराची सारी वर्दळ. रेल्वेने आलेल्या आणि बसने पुढे काणकोण, केपे किंवा पणजीस जाणाऱ्या उतारूला प्रथम शहरच पार करावे लागते. दोन उत्तम स्थानके असून त्यांना जोडणारा दुवा मात्र दुबळा, अशी ही स्थिती आहे. येथे नवी इमारत बांधण्याची घाई करू नये. दोन स्थानकांमध्ये ठरावीक अंतराने, दिवसभर आणि गाड्यांच्या वेळा सांभाळून फिरणारी लहान बस, आणि ती रेल्वेच्या दारातच उभी राहील अशी राखीव जागा, एवढ्याने बरेच साधेल. इमारतीचा खर्च एकदाच होतो आणि डोळ्यांत भरतो. फिरत्या बसचा खर्च दरमहा होतो आणि कोणाला दिसत नाही. अशा बसला मंजुरी मिळणे कठीण जाते, त्याचे एक कारण हेही असावे.

सध्या हा दुवा बऱ्याच अंशी मोटारसायकल चालविणारे आपले पायलट सांभाळतात. पिवळ्या मडगार्डची ही परवानाधारक वाहने गोमंतकाची खास व्यवस्था आहे. अरुंद वाटांतून दारापर्यंत पोचविण्याच्या कामी तिला तोड नाही. तथापि वृद्ध, आजारी, लहान मुले असलेले कुटुंब किंवा ट्रंका घेऊन आलेला विद्यार्थी यांना पायलटचा उपयोग नाही. स्थानकाच्या आराखड्यात पायलटांना सावलीची निश्चित जागा द्यावी, पण त्यांच्यावर विसंबून बसची सोय टाळू नये.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. माणूस साधारणपणे मिनिटाला सत्तर ते ऐंशी मीटर चालतो. सामान, गर्दी आणि जिने आले की हा वेग बराच घटतो. जिन्याचा हिशेब तर मुद्दाम करून पाहण्यासारखा आहे. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गावरील पादचारी पूल तारांमुळे रुळांपासून सहा मीटरांहून उंच घ्यावा लागतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तरी फलाटावरून वर जाण्यास तीस-चाळीस पायऱ्या होतात आणि पलीकडे तेवढ्याच उतराव्या लागतात. भुयारी मार्गाने चढउतार निम्म्याने कमी होतो. परंतु जेथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो तेथे भुयारात पाणी साचण्याची धास्ती कायमची. म्हणून बाहेर पडण्याचे दार शक्य तितके मुख्य फलाटाच्या पातळीत ठेवावे, बस त्याच बाजूस आणावी आणि दोहोंमध्ये सलग छप्पर घालावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी उतरणीचा उतार बारास एक यापेक्षा तीव्र नसावा, हे प्रमाण सर्वमान्य आहे.

बसस्थानकाच्या आवाराचा एक मुद्दा नेहमी दुर्लक्षित राहतो. आपल्याकडील बहुतेक स्थानकांत बस तोंडाने फलाटास लागते आणि मागे सरून निघते. या पद्धतीत उतारूला बसच्या वाटेत उतरावे लागत नाही, हा मोठा लाभ. परंतु प्रत्येक बसला मागे सरण्यास जागा व वेळ लागतो आणि आवारातून आडवे जाणाऱ्यास धोका संभवतो. बेळगाव, हुबळीकडे जाणाऱ्या व फलाटावर दहा-पंधरा मिनिटे उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ही पद्धत योग्य आहे. दोन मिनिटे थांबून पुढे जाणाऱ्या शहर बसला मात्र कडेने येऊन सरळ पुढे निघता येईल असा लांबट फलाटच हवा. एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या बसगाड्या एकाच रीतीने उभ्या केल्या की गोंधळ उडतो, आणि त्याचे खापर चालकांवर फुटते.

जागेइतकेच महत्त्व वेळेला आहे. दर वीस मिनिटांनी सुटणाऱ्या बससाठी, वेळ न पाहता आलेल्या उतारूला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. दर तासाने सुटणाऱ्या बससाठी अर्धा तास. म्हणून विरळ सेवा असेल तेथे वेळापत्रकांची गाठ घालणे अपरिहार्य ठरते. या बाबतीत स्वित्झर्लंडचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे 1982 साली देशभर ठरावीक मिनिटास सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक अमलात आले. पुढे मोठ्या स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या किंचित आधी येतील आणि तास भरल्यानंतर लगेच सुटतील, अशी योजना आखण्यात आली. स्थानकाबाहेरील बसगाड्याही त्याच ठेक्यावर चालतात. यासाठी दोन मोठ्या स्थानकांमधील प्रवास एका तासाच्या आत बसावयास हवा. झुरिच आणि बर्न यांच्यामधील प्रवास 2004 साली खुल्या झालेल्या नव्या मार्गामुळे एका तासाच्या आत आणला गेला. अधिक वेगाचा हव्यास धरला गेला नाही. वेळापत्रक आधी ठरले आणि लोहमार्ग त्याला अनुसरून बांधला गेला, हा क्रम आपल्या अभियंत्यांनी आणि प्रशासकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

ही पद्धत जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. करमळीस थांबणाऱ्या गाड्या बव्हंशी लांब पल्ल्याच्या आहेत आणि त्यांना विलंब होतो. त्यात पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सुरक्षिततेसाठी कमी वेगाने, निराळ्या वेळापत्रकाने धावतात. रेल्वेचे वेळापत्रक जूनमध्ये बदलते आणि स्थानकावरील बस जुन्याच वेळेस सुटते, असे होऊ देणे हा निव्वळ संपर्काचा अभाव होय. पावसाळी वेळापत्रक आधी प्रसिद्ध होते. त्याबरोबरच जोडबसच्या वेळा प्रसिद्ध करण्यास काहीच अडचण नसावी. गाडीला उशीर झाल्यास बसने किती मिनिटे थांबावे याची मर्यादा लेखी ठरवून द्यावी, म्हणजे वाहक-चालकांवर निर्णयाचा भार पडणार नाही. फेरीबोटींच्या बाबतीत तर हे अधिक सोपे आहे. नदी राज्यातली, बोट राज्याच्या खात्याची आणि कदंब महामंडळही 1980 साली राज्यानेच स्थापिलेले. खाजगी बसमालकांनाही परवान्याच्या अटींतून या वेळांशी जोडून घेता येईल.

भाड्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. बस बदलणाऱ्या उतारूला किमान भाडे दोनदा भरावे लागते, म्हणजे गैरसोयीबद्दल तोच दंड भरतो. एकाच तिकिटावर ठरावीक वेळेत दुसरी बस पकडण्याची मुभा असावी. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने बंदिस्त जोडस्थानके उभारून हे साध्या रीतीने केले: एकदा आत आलेल्या उतारूने कोणत्याही बसमध्ये चढावे, पुन्हा भाडे नाही. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही, आवाराची भिंत आणि एक दार पुरले.

प्रसिद्धीचे काम करणाऱ्यास येथे पाट्यांविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. मोठ्या अक्षरांची पाटी बहुधा इमारतीच्या दर्शनी भागावर लागते. उतारूला मात्र ती हवी असते जेथे वाट फुटते तेथे: जिन्याच्या तळाशी, फलाटाच्या टोकाशी, दाराबाहेर पडताच. त्या पाटीवर स्थानकाचे नाव नको, पुढच्या वाहनाची दिशा आणि चालण्याचे अंतर हवे. रेल्वेच्या फलाटावर बसचे वेळापत्रक लावणे हे बसखात्याचे काम की रेल्वेचे, या प्रश्नावर ते लावायचेच राहून जाते. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून तर उत्तर गोव्यात आणखी एका जोडस्थानकाची भर पडली आहे, आणि परगावच्या अनोळखी उतारूची त्या फलकाकडून अपेक्षा अधिक असते.

शेवटी रात्रीचा विचार. दिवसा चुकलेली बस म्हणजे अर्ध्या तासाचा खोळंबा; रात्री शेवटची बस चुकली तर घरी पोचण्याचाच प्रश्न उभा राहतो. रुग्णालयातील परिचारिका, दुकानातील विक्रेती, हॉटेलातील कामगार यांची पाळी सुटते तेव्हा गावाकडच्या बसगाड्या विरळ झालेल्या असतात. ज्या मुलीला शेवटची जोडबस मिळेल याची खात्री नाही, तिला शहरातील नोकरी घरचे लोक धरू देत नाहीत. म्हणून जोडस्थानकाचा आराखडा रात्रीच्या शेवटच्या गाडीपासून मागे आखीत यावा. ती गाडी कोणती, तिच्यातून उतरणाऱ्यांना कोठे जावयाचे असते, त्यांच्यासाठी कोणती बस थांबेल आणि ती सुटेपर्यंत फलाटावर दिवा, पाणी, उघडे स्वच्छतागृह आणि एक जबाबदार कर्मचारी असेल काय, हे प्रथम ठरवावे. दिवसाच्या फेऱ्या त्यानंतर बसवाव्यात.