पहाऱ्यावरचा मावळा

आमच्या लहानपणी दिवाळीचा किल्ला चाळीच्या अंगणात व्हायचा. विटांचे तुकडे आणि फुटकी कौलं रचायची, वर चिखलात बुचकळलेलं गोणपाट पसरायचं. ते वाळलं की कडेकपारी आपसूक उमटायच्या. त्यावर अळीव. भुयारात पणती. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या नळीचं कारंजं. सगळं झालं की महाराज सिंहासनावर बसायचे आणि मावळे बुरुजांवर चढायचे.

त्यातला भाला मोडलेला एक मावळा रोज रात्री जागा बदलायचा. नरकचतुर्दशीला अंघोळ करून, कारीट फोडून आम्ही ओल्या केसांनी अंगणात धावायचो ते त्याला शोधायला. काल महादरवाजात उभा असलेला आज थेट माचीवर! एकदा तर तो तळ्याकाठी आडवा पडला होता, शेजारी अर्धा शंकरपाळा. "रात्रभर पहारा दिलाय, भूक लागणारच त्याला," आई म्हणाली, आणि आम्हाला ते पटलं.

अकरा वर्षांची असताना एका रात्री मी पाणी प्यायला उठले. बाबा दुसऱ्या पाळीवरून नुकतेच आले होते. पायात चपला तशाच, डबाही हातातच. किल्ल्यापुढे उकिडवे बसून ते त्या मावळ्याला कुठे ठेवावं याचा विचार करत होते. दोन जागा बदलून पाहिल्या, तिसरी पसंत पडली. मी आवाज न करता परत अंथरुणात शिरले. धाकट्या भावाला काही सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीत बाबांना रात्रपाळी लागली, तेव्हा पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मावळा मी हलवला. बाबा सकाळी घरी आले, किल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. फराळाला बसल्यावर माझ्या ताटलीत एक चकली जास्त आली.

आईबाबांनो, हे सगळं सांगतेय कारण त्या पगारात बाबांनी आम्हाला कुठे फिरायला नेल्याचं मला आठवत नाही, पण तो मावळा आठवतो. त्यांची रोजची पाच मिनिटं जायची. मात्र कितीही दमले असले, तरी तीन-चार रात्री ती पाच मिनिटं ते द्यायचेच, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा. एकदा केली ती गंमत असते. दुसऱ्या वर्षी मुलं विचारतात, "या वेळी पण?" आणि तिथून ती घरची रीत व्हायला लागते. म्हणून पहिल्या वर्षी मोठा घाट घालू नका. पुढच्या वर्षी, अंगात कणकण असताना, ऑफिसचं काम डोक्यावर असतानाही जमेल एवढंच सुरू करा.

एका दिवाळीत मला सुट्टी मिळेना, म्हणून मी बाजारातून तयार किल्ला आणला. प्लास्टरचा, रंगवलेला, सुबक. मुलांनी मावळे मांडले, दहा मिनिटं पाहिलं आणि आत गेली. त्यांचं काय चुकलं? त्यात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हात बरबटले नव्हते, बुरूज ढासळला नव्हता, "अळीव का उगवत नाही गं?" असं दिवसातून चारदा विचारायची सोय नव्हती.

याच्या उलट चूकही आपण करतो. सोसायटीची किल्लेस्पर्धा असली की बाबा लोक पट्टी घेऊन बसतात आणि मुलं पाणी आणून देणारी मजूर होतात. माझ्या मुलीने राजगड केला तेव्हा संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी तिला काही केल्या जमेना. दोन भिंती एकमेकींत शिरत होत्या. माझे हात नुसते शिवशिवत होते. पण ती तशीच राहिली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मुलगी सांगत होती की शत्रू पहिल्या भिंतीवरून आत उतरला तर दुसऱ्या भिंतीपाशी कोंडला जातो. वाकड्या भिंतीसकट तिला माची कळली होती.

फ्लॅटमध्ये जागा नसते, हे खरंय. आमचा किल्ला गॅलरीत, जुन्या पाटावर होतो. माती कुंड्यांमधली, दिवाळी झाली की परत कुंड्यांत. अळीव मात्र वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा आणि पाणी हाताने शिंपडा. तांब्याने ओतलंत तर बी वाहून खाली जमा होईल. मावळे दरवर्षी नवे घेऊ नका. नाक उडालेला, रंग गेलेला तोच मावळा कागदातून बाहेर निघतो, तेव्हा मुलांचे चेहरे बघा.

२०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आम्ही बारा चिठ्ठ्या केल्या आणि एका डब्यात टाकल्या. दर दसऱ्याला एक काढायची, जो किल्ला निघेल तो दिवाळीत करायचा. पहिलीच चिठ्ठी सिंधुदुर्गाची निघाली. पाटावर समुद्र आणायचा कुठून? धाकट्यानेच सुचवलं, "आज्जीची मोठी परात!" तिच्यात पाणी भरलं, मधोमध दगडांवर नागमोडी तट उभा केला. मालवणच्या त्या किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे कळल्यावर दोघांनी आमचाही दरवाजा असा लपवला की आजोबांना तो सापडेना. म्हणजे माझ्या बाबांना. ते चष्मा वर करून, परातीवर ओणवे होऊन बराच वेळ शोधत होते. त्या रात्री मी मावळा हलवायला गॅलरीत गेले, तर तो आधीच कागदाच्या होडीत बसला होता.

डबा आता देवघरावरच्या फळीवर आहे. साल्हेर मोठा निघणार म्हणून मुलीने विटा जमवायला सुरुवात केली आहे, आणि धाकट्याला जिंजीची चिठ्ठी हवी आहे, कारण तिथे एक नाही, तीन डोंगर करायचे आहेत. पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शेवटची निघेल तेव्हा सतराचा असेल.