आई-आप्पांना समुद्रासमोर जेवायला नेताना

अगं, पहिल्या पगारात आई-आप्पांना मुंबईत समुद्र दिसेल अशा हॉटेलात न्यायचं म्हणालीस, तेव्हा मला भरून आलं. कर तू हे, नक्की कर. पण मोबाइलवरचे फोटो बघून जागा ठरवू नकोस. ते फोटो सगळ्यात चांगल्या टेबलावरून काढलेले असतात आणि ते टेबल आपल्याला मिळेलच असं नाही. म्हणून फोन करून टेबलाचंच विचार. खिडकीला लागून आहे का? मध्ये खांब येतो का? राखून ठेवाल का? गुळमुळीत उत्तर आलं तर सरळ दुसरीकडे बघ.

आता मला वाटतं ते सांगते. आप्पांना पाण्याचं नवल नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं, ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण आपल्या धरणाच्या फुगवट्याला पलीकडचा काठ दिसतो. समुद्राला पैलतीरच नाही, हे त्यांना दाखवायचंय ना? मग चौतिसाव्या मजल्यावरचं वरळीचं एर कशाला? तो बार आहे. अशा गच्च्यांवर बहुतेक ठिकाणी बसायला खोल सोफे, वर गाण्यांचा दणदणाट आणि इतका कमी उजेड की आईला कार्ड वाचता यायचं नाही. तिच्या गुडघ्यांना सरळ पाठीची खुर्चीच हवी. उंचावरून शहर बघायची हौस तू मैत्रिणींबरोबर भागव.

मला विचारशील तर मरीन ड्राइव्ह. पण महिना बघून जा. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो, तेव्हा तो उघड्या समुद्रात बुडताना दिसतो. मे-जूनमध्ये तो मलबार हिलच्या मागे जातो. डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. त्याच्या पाऊण तास आधी खुर्चीत बसलेली असा. आणखी एक, अंधार पडला आणि आतले दिवे लागले की काचेत समुद्र दिसत नाही, आपलीच तोंडं दिसतात. आठचं टेबल घेणाऱ्यांची निम्मी मजा तिथंच जाते. कुलाब्याला ताजमधलं सी लाउंज पहिल्या मजल्यावर आहे, समोर गेटवे आणि बोटी. ते हॉटेल १९०३ चं, म्हणजे गेटवेच्याही आधीचं. पण त्याचं तोंड पूर्वेला, तिथं सूर्य मावळताना दिसणार नाही. तिथं दुपारच्या चहाला जावं.

आणि पोट व डोळे दोन्ही एकाच जागी भरायचे, हा हट्ट सोड. आई माळकरी, आप्पांना चिलापीचं कालवण आणि भाकरी लागते. काचेच्या हॉटेलातलं सपक जेवण त्यांच्या घशाखाली उतरणार नाही आणि दोघं तुझं मन राखायला ‘छान आहे’ म्हणत राहतील. त्यापेक्षा दुपारी चर्चगेटजवळ सम्राट हॉटेलात त्यांना गुजराती थाळी खाऊ घाल. पोटभर शाकाहारी, आईला शंका नको. आप्पांची मासळी भिगवणला आहेच. मग संध्याकाळी खिडकीशी नुसता चहा आणि काहीतरी गोड. पैसेही वाचतील. त्या वाचलेल्या पैशांत टॅक्सी कर, चालवत नेऊ नकोस त्यांना.

बिलाचं नीट ऐक. कार्डावरच्या दरावर कर वेगळा असतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, पण ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे तिथं १८ टक्के. हजाराला एकशेऐंशी गं! वर सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं तुझ्या मर्जीवर आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच तसं सांगितलं, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. शांतपणे ‘काढून द्या’ म्हण. आप्पांसमोर घासाघीस मात्र नको, बिल काउंटरवर जाऊन भर. आकडा त्यांनी पाहिला तर त्यांना चहा गोड लागायचा नाही.

एक गोष्ट मला फार लागते, म्हणून सांगते. आप्पा धोतर-टोपीतच येणार. फोनवर ते आधीच विचारून घे. पलीकडचा माणूस जरा जरी घुटमळला तरी ती जागा रद्द, मग खिडकी कितीही मोठी असो. दारात आप्पांना कुणी खालून वर बघितलेलं मला सहन होणार नाही, तुलाही होणार नाही.

चहा झाला की रस्ता ओलांडून कट्ट्यावर बसवा दोघांना. तिथं काच नाही, बिल नाही. खारा वारा तोंडावर येऊ दे. घाई करू नकोस, आप्पा उठतील तेव्हा उठा.

तारीख डिसेंबरातलीच धर. आप्पा गोठ्याचं कारण पुढं करणार, हे मला माहीत आहे. त्यांना सांग, दोन दिवस दोन्ही वेळच्या धारा ताई काढणार आहे. मी आदल्या संध्याकाळीच गावी लोणीला येऊन राहते.