मुलांनी कोणाकडे पाहायचे?

देवळ्यात शिक्षकी आणि कांद्याची शेती सांभाळत माझे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले. या काळात मुली कुठून कुठे पोचल्या, यावर खूप बोलले जाते. आपल्या मुलग्यांनी कोणाकडे पाहून बाप्या व्हायचे, यावर मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हे अनुभवाचे बोल.

1. घरातला कर्ता कष्टाने ठरत नव्हता, कागदाने ठरत होता. रोपे लावणे, निंदणी, काढणी, पात कापणे, चाळीत भरण्याआधी माल निवडणे, ही सारी कामे बहुतेक बायांच्याच हातची. ट्रॅक्टर उमराण्याच्या लिलावाला गेला, की हिशोबपट्टी मात्र पुरुषाच्या नावे. आमचे तात्या मायाळू होते, तरी पट्टीवरचा आकडा त्यांनी आईला कधी सांगितला नाही. आम्ही भावंडांनी तेच पाहिले आणि त्यालाच पुरुषपण मानले.

2. आता त्या कर्तेपणाचा दराराच उरला नाही. भाव कोसळतो, बोअर आटते, शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. तिकडे लागवडीच्या टोळीची मुकादम बाई बांधावर उभी राहून एकराचा उक्ता दर ठरवते आणि बागायतदार तो मान्य करतो. मुलींसमोर अशा कितीतरी बायका आहेत. मुलांसमोरचा जुना पुरुष गेला, त्या जागी नवा कोणी आला नाही.

3. नवा पुरुष आपल्याच शेजारी एकदा दिसला होता. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखांनी शेतकरी बाया जमल्या. आमची आई शेजारणींबरोबर भावडबारीचा घाट ओलांडून गेली आणि परत आल्यावर कितीतरी दिवस तेच बोलत राहिली. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. अनेकांनी तसे केले. भांडण नाही, कोर्ट नाही, नवरा स्वतः तलाठ्याकडे जातो आणि गावात त्याचा मान वाढतो! चांदवडची आठवण बायांची सभा म्हणून राहिली. माझ्या मते पुरुषांसाठीचा तिचा धडा तितकाच मोठा होता, आणि तोच आपण विसरलो.

4. कायदा हक्क देतो, उदाहरण घालून देत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, 2005 मध्ये तो देशभर लागू झाला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटवली. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि शेजारी उभा असलेला भाचा ते पाहतो. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. पण सरपंचबाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो, तेही पोरे पाहतात.

5. रिकामी जागा रिकामी राहत नाही. चौकात तलवारीने केक कापणारा ‘भाई’ ती भरून काढतो. माझा एक विद्यार्थी आजारी आईसाठी रोज भाकरी थापायचा. त्याने मला विनवले, “सर, पोरांना सांगू नका.” तलवार मिरवायची आणि भाकरी लपवायची, ही वेळ त्याच्यावर आणली ती आम्ही मोठ्यांनी. नुसते रागावून हे बदलत नाही. त्याला भाकरी थापणारा बाप, मामा, मास्तर दिसायला हवा. मी वर्गात माझ्या स्वयंपाकाबद्दल बोलू लागलो, तेव्हा दोन-तीन मुलांनी आपण होऊन घरची कामे सांगितली.

देवळ्यातल्या, कसमादे पट्ट्यातल्या बापांनो, या उन्हाळ कांद्याची पट्टी हातात आली की मुलांसमोर ती त्यांच्या आईच्या हातात द्या. आणि सातबाऱ्यावर तिचे नाव लावायला जाल, तेव्हा मुलाला सोबत न्या.